पाण्यातलं लपण: कुठे रोवायचं आणि खूण कशी लावायची

उजनी धरणाच्या फुगवट्यात मी पहिलं लपण, म्हणजे पक्षी बघायला आत लपून बसायचा बांबू-गोणपाटाचा आडोसा, उभारलं तेव्हा ते चक्रवाकांना दिसलं नाही, शेकाट्यांना दिसलं नाही, आणि पहाटे साडेचारला जाळी काढायला निघालेल्या एका होडीवाल्या मामांनाही दिसलं नाही. होडी बांबूवर आदळली. जाळं बांबूच्या गाठीत अडकून चांगलं दोन हात फाटलं. मामांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "सर, पाखरापासनं लपा की. आमच्यापासनं कशाला लपताय?"

जाळ्याचे पैसे मी दिले, पण प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या काही हिवाळ्यांत चुकत-माकत जे उत्तर तयार झालं, ते इथे लिहितो आहे. धरणाच्या उथळ पाण्यात पाणपक्ष्यांच्या निरीक्षणासाठी किंवा छायाचित्रणासाठी तात्पुरतं लपण उभारायचं असेल, तर जागा कशी निवडायची, कुणाला विचारायचं, कुणापासून किती अंतर ठेवायचं आणि लपणावर खूण कशी करायची, असा हा सगळा मामला आहे. उदाहरणं बहुतेक भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या पट्ट्यातली आहेत, कारण मी तिथेच चिखल तुडवला आहे.

आधी कागद, मग बांबू

लपण ही मुळात शिकाऱ्याची वस्तू. आपल्याकडे बंदूक गेली आणि कॅमेरा आला, तरी हे मूळ विसरून चालत नाही. राजस्थानातल्या भरतपूरच्या घना पाणथळीत १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा दगडावर कोरलेला आजही तिथे वाचायला मिळतो. त्या बंदुकाही पाण्याकाठच्या ठरवून दिलेल्या जागांवरूनच चालल्या होत्या. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्या कायद्यातली 'शिकार' शब्दाची व्याख्या प्रत्येक पक्षी-छायाचित्रकाराने एकदा तरी वाचावी. गोळी घालणं किंवा फासा लावणं तर तिच्यात येतंच, पण पक्ष्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही येतं. म्हणजे सुरयाच्या घरट्याशेजारी लपण रोवून बसलेला माणूस हातात फक्त लेन्स असली तरी कायद्याच्या भाषेत शिकारी ठरू शकतो.

जागा अभयारण्यात असेल तर स्वतःचं लपण उभारायचा विचार तिथेच सोडा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर, पैठणचं जायकवाडी, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, या ठिकाणी नुसतं आत जायलाही कायद्याने परवाना लागतो. आत अधिवासाला धक्का लावायची मुभा नसते, आणि चिखलात आठ बांबू ठोकणं हा धक्काच आहे. नांदूरला चापडगावच्या बाजूला वनविभागाचे मनोरे आहेत, ते वापरा. थोडे लांब पडतात हे खरं, पण २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलेल्या जागेत आपल्या फोटोसाठी अपवाद मागावा असं मला तरी वाटत नाही.

उजनीचा फुगवटा अभयारण्य नाही. म्हणून ती मोकाट जागा आहे असा अनेकांचा समज होतो, आणि गडबड तिथूनच सुरू होते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाचं पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरतं. बुडीत जमीन जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. पाणी ओसरलं की उघडी पडणारी गाळपेर जमीन शेतकरी कसतात. पाण्यावर मच्छीमारांचा हक्क असतो. म्हणजे तुम्ही जिथे 'निसर्गात' उभे आहात, तिथे किमान तीन जणांचं पोट आधीपासून उभं आहे.

माझा क्रम असा असतो. जलसंपदा विभागाच्या त्या भागातल्या शाखेत साध्या कागदावर अर्ज द्यायचा. त्यात जागेचा नकाशा, लपणाचं माप, किती दिवस ठेवणार, कधी काढणार आणि आपला फोन नंबर एवढं असावं. अर्जाची पोच घ्यायची आणि लेखी होकार येईपर्यंत एकही बांबू रोवायचा नाही. त्याच आठवड्यात वनपरिक्षेत्र कार्यालयात एक प्रत द्यायची. मग गावात जाऊन मच्छीमारांच्या प्रमुखाला आणि समोरच्या गाळपेर पट्टीवाल्याला प्रत्यक्ष भेटायचं. फोनवर नको, चहा घेत बोला. सगळ्यात उपयोगी माहिती याच भेटीत मिळते: जाळी कुठून कुठे लावतात, पहाटेच्या होड्यांची वाट कोणती, आणि पाण्याखाली काय काय आहे.

लेखी होकार आला नाही तर? तर होडीचं लपण करा. नेहमीच्या पक्षीनिरीक्षणाच्या होडीला बाजूने गोणपाट लावायचं, नाव उथळात स्थिर करायची आणि दोन-तीन तासांनी निघून यायचं. काही रोवायचं नाही, की मागे काही राहत नाही. खरं सांगायचं तर दहातल्या आठ जणांना एवढंच पुरेसं आहे.

पाणी हलतं, त्यानुसार जागा

तळ्याकाठी लपण उभारणं आणि धरणात उभारणं यात मोठा फरक आहे. धरणाचा काठ रोज सरकतो. पावसाळ्याअखेर उजनी भरते, मग रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तनं, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, सुटतात आणि पाणी मागे मागे जातं. उन्हाळ्यात उजनी 'उणे' झाल्याच्या, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतोच. नोव्हेंबरात कमरेएवढ्या पाण्यात रोवलेलं लपण फेब्रुवारीत कोरड्या, भेगाळलेल्या गाळात उभं असतं आणि पक्षी अर्धा किलोमीटर पुढे. माझं दुसरं लपण असंच झालं. शेवटी त्यात शेळ्या सावलीला बसायच्या.

म्हणून आधी उतार मोजा. काठापासून सरळ आत शंभर पावलं जा आणि खुणेच्या काठीने पाणी किती खोल झालं ते पाहा. शंभर मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर पाणीपातळी एक मीटर घटल्यावर काठ शंभर मीटर मागे जाणार. भिगवणच्या पट्ट्यात कित्येक ठिकाणी याहूनही सपाट आहे. धरणाचा साठा आणि पातळी रोज जाहीर होते. तुम्हाला लपण जितके दिवस ठेवायचं आहे, तितक्या दिवसांत मागच्या वर्षी पातळी किती उतरली ते पाहा आणि मधल्या काळातला काठ डोळ्यांसमोर आणा. मी हल्ली तीन आठवड्यांहून जास्त दिवसांचं लपण धरतच नाही. तेवढ्यात पाणी फार हलत नाही, आणि काढायची तारीख डोक्यात राहते.

खोली गुडघ्याएवढी असावी. त्याहून जास्त पाण्यात बसण्यासाठी मचाण लागतं, आणि मचाण आलं की उंची येते. पाणपक्ष्यांचा चांगला फोटो पाण्यालगतच्या नजरेने मिळतो. लेन्स पाण्याच्या वर वीत-दीड वीत असली की बदकाच्या मागचं पाणी विरघळून जातं. त्यासाठी उथळ पाणीच बरं.

आता तळाबद्दल, आणि हे जरा थांबून वाचा. उजनीच्या पोटात गावं आहेत. पळसदेवला पाणी ओसरलं की पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं आणि बघ्यांची गर्दी होते. पण मंदिराबरोबर विहिरीही बुडाल्या होत्या, आणि त्या मंदिरासारख्या डोकं वर काढत नाहीत. वाळू उपशाचे खड्डे, बाभळीची खुंटं, जुने बांध, सगळं गढूळ पाण्याखाली आहे. फोमचा तराफा डोक्यावर ओढून छातीएवढ्या पाण्यात चालत जायचं तरंगतं लपण परदेशी व्हिडिओंमध्ये फार छान दिसतं. इथे ते चालवायचं असेल, तर फक्त उन्हाळ्यात स्वतःच्या डोळ्यांनी कोरडा पाहिलेल्या तळावर, आणि तेही सोबत स्थानिक माणूस असेल तरच. कृष्णा-वारणेच्या काठी, सांगलीकडे, मगरी आहेत. तिथे पाण्यात उतरण्याचं कुठलंच लपण नको.

ऊन आणि वारा

हे थोडक्यात. सकाळचं ऊन पाठीशी हवं, म्हणजे लपण पक्ष्यांच्या पूर्वेला आणि तोंड पश्चिमेकडे. बदकं वाऱ्याकडे तोंड करून उतरतात आणि बसतातही तशीच. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो. त्यामुळे पाठीशी ऊन आणि पाठीशी वारा असे दोन्ही एकाच जागी जुळून येतात, आणि थापटे, तलवार बदकं तुमच्याकडे तोंड करून उतरतात. मार्चनंतर वारा फिरतो आणि तीच जागा पाठमोऱ्या फोटोंची होते. साडेनऊनंतर पाण्यावर वाफेची थरथर सुरू होते. मग कितीही महागडी लेन्स असो, पिसं धूसरच येतात. तेव्हा थर्मासमधला चहा काढावा.

अंतरं

ही अंतरं कुठल्या परिपत्रकातली नाहीत, माझी आहेत. काही पक्ष्यांनी शिकवली, काही माणसांनी.

पक्ष्यांच्या रोजच्या चरण्याच्या किंवा विसाव्याच्या जागेपासून चाळीस ते साठ मीटर. पट्टकादंबांसाठी याच्या दुप्पट धरा. तो पक्षी हिमालय ओलांडून आलेला असतो आणि माणसाबद्दल त्याची मतं पक्की असतात. जागा ठरवण्याआधी दोन सकाळी लांबून नुसतं बघत बसा. थवा बिथरायला लागला की आधी माना ताठ होतात, मग चरणं थांबतं, मग सगळा थवा हळूहळू एका दिशेला पोहू लागतो आणि शेवटी उडतो. मान ताठ झाली तिथेच थांबायचं आणि लपण त्या अंतराच्या बाहेर ठेवायचं. लपण सवयीचं झालं की पक्षीच जवळ येतात. आपण जवळ जायची गरज नसते.

घरट्यांच्या जागेपासून अंतराचा प्रश्नच नाही, कारण तिथे लपणच नको. फेब्रुवारी ते मे या काळात पाणी उतरून जी उघडी बेटं आणि वाळूच्या जिभा दिसतात, त्यांवर नदी सुरय आणि छोट्या आर्ली उघड्यावरच अंडी घालतात. अंडी वाळूच्या रंगाची, त्यामुळे पायाखाली आली तरी कळत नाहीत. आई उठून गेली की भर उन्हात ती काही मिनिटांत तापतात. अशा बेटापासून किमान शंभर मीटर लांब राहा आणि होडीसुद्धा टेकवू नका. टिबुकली आणि वारकरी पाणवनस्पतींत तरंगती घरटी करतात. लपणासाठी पाणकणीस कापताना कुणाचं तरी घर कापलं जातं, म्हणून ताजं पाणकणीस कापायचंच नाही.

लावलेल्या जाळ्यापासून पन्नास मीटर. जाळी रोज हलतात, म्हणून हे अंतर काल संध्याकाळी विचारून ठरवा, गेल्या आठवड्याच्या आठवणीवर नको. होड्यांच्या वाटेपासून तीस मीटर तरी, आणि वळणावर कधीच नाही.

दुसऱ्याच्या लपणापासून दोनशे मीटर. अमेरिकेत, विशेषतः चेसापीक उपसागराच्या किनाऱ्यांवर, बदकांच्या शिकारीसाठी पाण्यात लपणं उभारायची जुनी रीत आहे. तिथे याच मुद्द्यावर इतकी भांडणं झाली, की कायदे करावे लागले. व्हर्जिनिया राज्यात दुसऱ्याच्या परवानाधारक स्थिर लपणाच्या ५०० यार्डांच्या आत त्याच्या संमतीशिवाय नवं लपण रोवता येत नाही. शिकारीच्या परवान्याची लपणं असल्यामुळे तिथे सगळं मोजून-मापून, क्रमांक लावून चालतं. पाण्याखाली अर्धवट बुडवून ठेवायची, शिकाऱ्याला पाण्याच्या पातळीत लपवणारी पेटी मात्र तिथे १९३५ पासून पूर्ण बंद आहे, कारण पक्ष्याला काही संधीच उरत नव्हती. आपल्याकडे गोळीचा धोका नाही, म्हणून मी दोनशे मीटरवर भागवतो. पण त्याहून जवळ आलात तर एकाच्या फोटोत दुसऱ्याचं लपण येतं, आणि थवा दोघांच्या मध्ये कोंडल्यासारखा होतो.

उभारणी

दोन माणसांना पुरेल असं लपण पाच फूट बाय चार फूट, उंची चार फूट. आठ बांबू: चार कोपऱ्यांना, चार आडवे. गाळात बांबू एकूण लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतका तरी गेला पाहिजे. हाताने हलवून बघा, हलला तर अजून ठोका. हिरवं शेडनेट बाजारात सहज मिळतं, पण त्याचा हिरवा रंग उजनीच्या गाळाशी मेळ खात नाही. त्यावर जुनं गोणपाट चढवा आणि गोणपाटावर गाळ फासा. छप्पर विसरू नका. वरून जाणारा भोवत्या किंवा घार आत हालचाल पाहून गिरकी घेते, आणि तिच्या त्या गिरकीने सगळी बदकं उठतात. आतल्या बाजूला काळं कापड लावलं की आतली सावली दाट होते आणि हात हलले तरी बाहेर दिसत नाही.

कडा सरळ ठेवू नका. निसर्गात चौकोन नसतो आणि पक्ष्यांना तो लगेच खुपतो. बांबूंना वाळलेली काटकी, वाळकं गवत आडवंतिडवं बांधा. काठावर बेशरम नावाची झुडपं मुबलक असतात आणि ती तोडल्याने कुणाचंच नुकसान नाही असं वाटतं. तोडा जरूर, पण पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. ओली फांदी गाळात टेकली की मुळं धरते, आणि पुढच्या वर्षी तुमच्या लपणाच्या जागी बेशरमीचं बेट असतं. हे मी स्वतः केलं आहे आणि अजूनही दर हिवाळ्यात जाऊन उपटतो आहे.

बांधायला काथ्या वापरा. नायलॉनची दोरी मजबूत खरी, पण सुटून पाण्यात गेली की पाय अडकवते, पक्ष्यांचे आणि माणसांचेही.

उभारलं की पाच-सहा दिवस लपण रिकामं सोडा. याच दिवसांत लोकांचा धीर सुटतो. कुणी बसलेलं नाही, हालचाल नाही, हे पाहून पक्षी त्याला खुंट समजू लागतात. नंतर आत जायचं ते उजाडण्याच्या पाऊण तास आधी, आणि बाहेर यायचं ते समोरचे पक्षी आपणहून हलल्यावर किंवा होडी जवळ आल्यावर. जुने लोक सांगतात, दोघांनी आत जायचं आणि एकाने परत फिरायचं. पक्ष्यांना मोजता येत नाही. शेकाट्यांवर हे जमतं. कावळ्यांवर नाही.

खूण: मागून ओरडणारी, पुढून गप्प

आता मामांच्या प्रश्नाचं उत्तर. लपणाला दोन तोंडं असतात. पक्ष्यांकडचं तोंड जितकं गप्प, तितकंच माणसांकडचं तोंड बोलकं हवं. बहुतेक लपणं चारही बाजूंनी गप्प असतात. पहाटेच्या अंधारात, धुक्यात, बॅटरीच्या झोतात ती होडीवाल्याच्या थेट छातीवर येतात.

मागच्या दोन कोपऱ्यांच्या बांबूंना, पाण्यापासून हातभर उंचीवर, वीतभर रुंद पांढरी-लाल रेडियम पट्टी गुंडाळा. बांबू पूर्ण गोल वेढून नको, फक्त मागचा आणि बाजूचा अर्धा भाग. पुढून ती दिसता कामा नये. होडीवाल्याच्या डोक्याला लावलेल्या बॅटरीचा झोत पडला की ही पट्टी दुरूनच चमकते. दिवसा तिचा पक्ष्यांना त्रास होत नाही, कारण ते दुसऱ्या बाजूला असतात.

पण होडी पुढूनही येऊ शकते. त्यासाठी लपणाच्या डाव्या आणि उजव्या हाताला, दहा-पंधरा मीटरवर, एकेक सुटी काठी रोवा. पाण्याच्या वर कमरेएवढी असली तरी पुरे. तिच्या टोकाला रेडियम पट्टीचा छोटा वेढा, इथे मात्र गोल. मला वाटलं होतं या काठ्या फोटोंचा विचका करतील. झालं उलटंच. दुसऱ्याच दिवशी एका काठीवर खंड्या बसला, तिसऱ्या दिवशी सुरय, आणि पाणकावळ्याने तर पंख पसरून तिथेच बस्तान मांडलं. तेव्हापासून खुणेच्या काठ्या मी लेन्सच्या टप्प्यात येतील अशाच रोवतो.

एक चूक टाळा. रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे, पांढरे कॅन खूण म्हणून तरंगत सोडू नका. जाळ्याची खूण मच्छीमार याच वस्तूंनी करतात. तुमची बाटली पाहून कुणी तिथे जाळं आहे समजून वळसा घालेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणाची तरी हरवलेली जाळी समजून ओढायला येईल.

मग पाटी. पत्र्याची, दीड फूट बाय एक फूट, मागच्या बाजूला होडीतून वाचता येईल अशा उंचीवर. अक्षरं दोन इंचांहून लहान नकोत. ऑइल पेंट चालतो, पण हायवेला नंबरप्लेट करून देणारा रेडियमवाला अर्ध्या तासात अक्षरं कापून देतो आणि ती अंधारातही वाचता येतात. पाटीवर माझ्याकडे हे असतं:

पक्षीनिरीक्षणाचं तात्पुरतं लपण
नाव, गाव, मोबाइल नंबर
परवानगीचा क्रमांक आणि तारीख
उभारलं ता. … काढणार ता. …
लाल झेंडा वर असेल तर आत माणूस आहे

शेवटची ओळ सगळ्यात कामाची. मागच्या बांबूला हातभर लाल कापड, गाठ सोडली की वर, बांधली की खाली. मी आत असताना वर, बाहेर पडताना खाली. होडीवाला झेंडा पाहून इंजिन मंदावतो, आणि संध्याकाळी झेंडा वरच दिसला तर कुणीतरी चौकशीला येतं. एकदा माझा फोन पाण्यात पडला होता आणि मी होडीची वाट बघत दुपारी दोनपर्यंत बसून होतो. तेव्हा झेंडा पाहूनच एक पोरगा आला. मोबाइल नंबर लिहायला काही जण बिचकतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पाण्यातल्या लपणावर मालकाची ओळख ठळक लावणं सक्तीचं आहे. आपल्याकडे सक्ती नाही, पण जाळं फाटलं तर कुणाला विचारायचं हे समोरच्याला कळलं पाहिजे, एवढी साधी रीत तरी पाळायला हवी.

शिवाय गावातल्या होडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जागेची पिन आणि मागच्या बाजूने काढलेला एक फोटो टाका. हे पाटीपेक्षा लवकर पोचतं. लुकलुकणारा सौर दिवा मात्र लावू नका. रात्री तिथेच पक्षी विसावतात.

स्वतःचा जीव

पाणी गुडघ्याएवढं असलं तरी लाइफ जॅकेट. होडीत तर असायलाच हवं. मे २०२४ मध्ये करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी उजनीत वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. रोजच्या वाटेवर, रोज ये-जा करणाऱ्या लोकांचा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो आणि शांत पाणी दहा मिनिटांत खवळतं. त्या महिन्यांत सकाळी नऊला लपणातून बाहेर, अकराला काठावर, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. आकाशात कडकडाट सुरू झाला तर लपणात थांबू नका. मोकळ्या पाण्यात तेच सगळ्यात उंच असतं. नदीच्या बाजूला असाल तर वरच्या धरणांतून विसर्ग सोडल्याच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. एकटं जायचं नाही. आणि जाण्याआधी काठावरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवायची.

ठाणे खाडीबद्दल नेहमी विचारणा होते, म्हणून एक परिच्छेद. तिथे रोवायचं लपण नाहीच. अभयारण्य तर आहेच, शिवाय भरती-ओहोटीत पाणी काही मीटरांनी वर-खाली होतं आणि चिखल मांडीपर्यंत ओढतो. ऐरोलीच्या केंद्रातून वनविभागाच्या होड्या भरतीच्या वेळा धरून सुटतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला तोच मार्ग.

लपणात बसून काय करायचं नाही, हे खरं तर सांगायला नको, पण भिगवणला कुरवांना फरसाण टाकणारे हात पाहिले की सांगावंसं वाटतं. खायला घालायचं नाही, मोबाइलवरून पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत, आणि थवा उडताना हवा म्हणून होडीवाल्याला 'जरा जवळून घे' म्हणायचं नाही. तो पैसे घेतो म्हणून नाही म्हणत नाही. मनातून त्यालाही ते पटत नसतं.

काढणं

पाटीवर लिहिलेल्या तारखेला काढा, चार फोटो राहिले म्हणून आठवडा वाढवू नका. वाढवायचंच असेल तर परवानगी वाढवून घ्या आणि पाटीवरची तारीख बदला.

बांबू करवतीने कापून खालचा भाग गाळात सोडणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि माझ्या पहिल्या लपणानंतर मी तेच केलं होतं. पाणी पुन्हा चढलं की ते टोकदार खुंट पाण्याखाली राहतं आणि दिसत नाही, त्यावर ना पट्टी ना पाटी. ते जाळी फाडतं, होडीच्या तळाला भोक पाडतं. बांबू गाळातून उपटायचा तो होडीच्या कडेला बांधून, आधी चारही दिशांना हळूहळू हलवून आणि मग वर ओढून. गाळ 'फस्स' करून हवा सोडतो तेव्हा समजायचं, सुटला. दोन माणसं आणि अर्धा तास लागतो. काथ्याचे तुकडे, गोणपाटाचे धागे, रेडियमच्या कातरणी पोत्यात भरा. बाजूच्या खुणेच्या काठ्या विसरतात, त्या आधी काढा.

काठावर आल्यावर बांबू मोजा. आठ नेले असतील तर आठ. मग ग्रुपवर एक ओळ टाका: "लपण काढलं, पाणी मोकळं आहे." मागच्या जानेवारीत मी ती टाकली तेव्हा त्याच मामांचं उत्तर आलं: "ती बाजूची काठी राहू द्या सर. खंड्या बसतो. पट्टी हाय की तिला."

काठी तिथेच आहे. मामा येता-जाता तिच्यावरची पट्टी पुसतात.